म्हशीच्या पोटात वाजलं

आमच्या अंगणात त्या यंत्राला पहिल्यांदा काय सापडलं, तर माझंच जोडवं. तुळशीच्या मागे, वीतभर मातीखाली. कधीकाळी ते नदीवर धुणं धुताना वाहून गेलं असं मी धरून चालले होते. आमच्या ह्यांनी ते पाण्यानं धुतलं, धोतराच्या फडक्यानं पुसलं आणि माझ्यापुढे धरून विचारलं, "नदी आपल्या अंगणातनं वाहत हुती व्हय गं?"

चांदीचं जोडवं परत मिळालं होतं आणि दुसरं एव्हाना मोडून टाकलेलं होतं. एका जोडव्याचं करायचं काय?

आमचे हे फौजेत होते. जमिनीत पेरलेले सुरुंग शोधून काढायचे, हे त्यांचं काम. नोकरीतून मोकळे झाल्यावर काही वर्षं त्यांनी सांगलीला, विश्रामबागेत एका कॉलेजच्या फाटकावर ड्यूटी केली. मग गुडघे बोलायला लागले, तेव्हा ते पलूसकडच्या आमच्या गावी घरी येऊन बसले. बसले म्हणजे नुसते नावाला. सकाळी उठून माझ्या स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावायचे. म्हशी नाहीत म्हणून गोठा रिकामा, तर रिकामा गोठाच दोनदा झाडायचे. मी ब्लाऊज शिवायला बसले की शेजारी खुर्ची टाकून "टाका सरळ येत न्हाई" असं सांगायचे. शेवटी मी पुण्याला लेकीला फोन केला आणि म्हटलं, तुझ्या वडलांना काहीतरी उद्योग लाव, नाहीतर मी माहेरी वाईला जाऊन राहते.

लेकीनं घरबसल्या मागवून ते यंत्र पाठवलं. लांब दांडा, खाली जेवायच्या ताटाएवढी चकती, वर आकडे दाखवणारा छोटा पडदा आणि कानाला लावायचा हेडफोन. जमिनीत धातू असला की वाजतं. खोका उघडताना ह्यांचा चेहरा मी बघत होते. लग्नात मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हाही इतका खुलला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून गावाला एक नवीन करमणूक मिळाली. हे डोक्याला गमछा बांधून, हळूहळू, चकती जमिनीलगत डावी-उजवीकडे फिरवत चालायचे. यंत्र वाजलं की डावा हात वर करायचे. तो हात वर गेला की आजूबाजूच्या सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं, अशी त्यांची फौजेतली सवय. गावाला ती सवय कुठली? पण लोकांना गंमत वाटायला लागली. ह्यांचा हात वर गेला की घागर घेऊन चाललेल्या बायका एक पाय उचललेल्या अवस्थेत थांबायच्या आणि फिस्सकन हसायच्या. हे हसायचे नाहीत. गुडघ्यावर बसून बोटांनी माती अशी बाजूला सारायचे, की जणू खाली कुणाचं तान्हं पोर झोपलंय.

आणि मग वर यायचा खिळा. किंवा कोल्ड्रिंकचं झाकण. कधी बिजागरी, कधी नांगराचा फाळ, तर एकदा पितळेची चूळ भरायची वाटी, जिच्यावर तिघींनी हक्क सांगितला. पाणंदीत घोड्याचा नाल गावला, तेव्हा तर पारावर दिवसभर चर्चा. मावळ्यांची घोडी इथूनच गेली असणार, असं एकमतानं ठरलं. ह्यांनी नाल उलटासुलटा करून बघितला. "टांग्याच्या घोड्याचा हाय," ते म्हणाले. कुणालाच ते आवडलं नाही. नाल पारावरच्या झाडाला ठोकला, तो अजून मावळ्यांचाच आहे.

मी एकदा विचारलं, "आवं, फौजेत हेच करत होता, मग इथं परत तेच करायला कंटाळा येत नाही?"

ते चकती पुसायला लागले. मग म्हणाले, "तिकडं वाजलं की पोटात गोळा यायचा. हितं वाजलं की बरं वाटतं. एवढंच."

त्यानंतर मी डब्यांवरून त्यांना बोलायचं सोडून दिलं.

अशात शेजारच्या जाऊबाईंचं मंगळसूत्र हरवलं.

जाऊबाई म्हणजे भावकीतल्या, आमच्या ह्यांच्या चुलतभावाची बायको. तो चुलतभाऊ ह्यांच्याहून मोठा, त्याला सगळे दादा म्हणतात. दोघांची अडीच एकर उसाची, एक दुभती म्हैस आणि आवाज मात्र एकट्या जाऊबाईंचाच. दादा बोलतच नाहीत. लागलंच तर मान हलवतात. जाऊबाई त्या हलण्याचा अर्थ लावून गावाला सांगतात.

उसाची तोड चालू होती. जाऊबाई फडातून वाड्याचा, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचा, भारा डोक्यावर घेऊन आल्या. एरवी त्या वैरण यंत्रात घालून कुट्टी करतात, पण लाइट नव्हती, म्हणून वाडं तसंच म्हशीपुढं टाकलं. हातपाय धुताना गळ्याकडे हात गेला आणि गळा मोकळा. त्यांनी जी हाक मारली, ती ऐकून मी शिलाई मशीनवरून उठले तेव्हा सुई कापडात तशीच होती.

"आगं बया, माझं डोरलं!"

आम्ही अंगण शोधलं, गोठा शोधला, फडापर्यंतची वाट शोधली. काळा मणी एकसुद्धा दिसला नाही. म्हशीपुढचं वाडं मात्र संपलेलं होतं. म्हैस शांतपणे रवंथ करत आमच्याकडे बघत होती. जाऊबाई तिच्याकडे बघायला लागल्या. मग दादा बघायला लागले. मग जमलेला सगळा गाव बघायला लागला.

"हिनंच खाल्लं," जाऊबाई म्हणाल्या. "बघा कशी बघाया लागलीया. चोरावानी."

"भावजींना बोलवा, मशीन घिऊन," कुणीतरी म्हणालं.

हे आले. खरं सांगायचं तर त्यांना म्हशीला यंत्र लावायचं नव्हतं. आधी शेत बघू, वाट बघू, असं ते म्हणत होते. पण गर्दीला शेत नको होतं, म्हैस हवी होती. शेवटी ह्यांनी म्हशीच्या गळ्यातली साखळी काढायला लावली, खुंट्याची कडी लांब सारली, आणि चकती हळूच तिच्या पोटाखाली धरली. मागच्या बाजूला काही नाही. मध्ये काही नाही. चकती पुढच्या डाव्या पायाच्या मागे आली आणि यंत्र वाजलं.

ह्यांचा हात वर गेला. सगळे थांबले. म्हैससुद्धा रवंथ करायची थांबली, असं जाऊबाई अजून सांगतात.

"हाय," हे म्हणाले. "काहीतरी हाय."

पुढचं कुणी ऐकलंच नाही. जाऊबाईंनी म्हशीच्या गळ्याला मिठी मारली. "भावजी, तुमचं तोंड गोड करती!" असं म्हणून त्या साखर आणायला पळाल्या. हे काहीतरी सांगत होते, पण त्यांच्या तोंडात साखर कोंबली गेली.

जेवताना ते मला म्हणाले, "आवाज जाड हुता. सोन्याचा बारीक येतो. ह्यो लोखंडाचा हाय."

"मग तिथं का नाही बोललात?"

"बोललो की. कुणी ऐकलं?" भाकरी मोडत ते म्हणाले, "आन् तिचं खाणं बघितलंस का? वाडं संपलं ते निम्मं त्यांच्या शेरडानं खाल्लं, मी आपल्या अंगणातनं बघत हुतो. म्हैस नुसती हुंगत हुती."

मी दुसऱ्या दिवशी हे जाऊबाईंना सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, "पोटात सोनं असल्यावर कुणाला भूक लागंल?"

म्हशीचे मग असे दिवस आले, की आमच्या गावात सुनेच्या पहिल्या बाळंतपणातही तेवढं कौतुक होत नाही. तिला गोठ्यातून काढून पुढच्या पडवीत बांधलं. वाडं बंद झालं. भिजवलेली पेंड, गव्हाचा कोंडा, गूळ. दादा मोटरसायकलवरून हिरवा मका आणायचे आणि देठ न देठ चाचपून तिच्यापुढे ठेवायचे. जाऊबाईंना फडात जायची बंदी, कारण म्हशीजवळ कुणीतरी सतत हवं. तिचा पो पडला रे पडला की दादा पाटी पुढे करायचे. मग दोघं नवरा-बायको नळाखाली चाळण धरून तो पो धुवायला बसायची. रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण फाटकाशी थांबून विचारायचा, "आज तरी गावलं का?"

दादा मान हलवायचे.

"न्हाई म्हणत्यात," जाऊबाई सांगायच्या. "पर वाटेवर हाय म्हणत्यात."

गळ्यात त्यांनी पिवळ्या दोऱ्यात हळकुंड बांधलं होतं. ते दाखवून एकदा माझ्याकडे तक्रार केली, "लगीन झाल्यापास्नं ह्या माणसानं माझ्याकडं एवढं बघितलं न्हाई गं. आता सकाळधरनं म्हशीचं त्वांड बघतोय. तिला खोकला आला तर पळतोय. मी परवा शिंकले, तर म्हटला, तिकडं जाऊन शिंक, म्हैस बुजंल."

"दादा बोलले?" मला त्याचंच आश्चर्य.

"व्हय की! म्हशीपायी तोंड फुटलं बघ त्यांना."

आम्ही दोघी इतक्या हसलो, की आतून दादा बाहेर आले आणि बोट ओठावर ठेवून गेले. म्हैस डुलकी घेत होती.

पण पेंड तशीच उरायला लागली. दूध कमी झालं होतं, ते आणखी घटलं. म्हैस बसताना कण्हायची, आणि पुढचे पाय फाकवून उभी राहायची. आमचे हे रोज फाटकाशी जाऊन तिला बघून यायचे. एका सकाळी त्यांनी मला विचारलंही नाही. गाडी काढली, दवाखान्यात गेले आणि जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना मागे बसवून घेऊन आले.

बाई तरुण होत्या, बोलायला तुटक. त्यांनी म्हशीच्या खांद्यामागची, पाठीवरची कातडी चिमटीत धरून दाबली. म्हैस कण्हली. मग त्यांनी विचारलं, "दूध कधीपासून कमी झालंय?"

"मंगळसूत्र खाल्ल्यापास्नं," जाऊबाई म्हणाल्या.

दादांनी मान हलवली. या वेळी आडवी. मग घसा साफ करून ते म्हणाले, "त्याच्या आधीपास्नं. दिवाळीपास्नं कमीच हाय."

जाऊबाई नवऱ्याकडे बघतच राहिल्या.

ह्यांनी हेडफोनविना यंत्र लावून बाईंना जागा दाखवली. यंत्र पुन्हा त्याच ठिकाणी, पायामागे, तसंच जाडसर वाजलं. बाईंनी मान डोलावली. "सोनं असेल-नसेल, मला माहीत नाही. पण आत टोकदार काहीतरी आहे, आणि ते हृदयाच्या बाजूला सरकतंय. जनावर हाती लागायचं नाही. उद्याच उघडायला पाहिजे."

"सोनं निगंल न्हवं?" जाऊबाईंनी हळूच विचारलं.

"जे निघेल ते निघेल, मावशी."

म्हशीला टेम्पोतून दवाखान्यात नेलं. टेम्पोमागे मोटरसायकली. लग्नाच्या वरातीला नसतात एवढ्या. तिला खोड्यात उभं केलं, डावी कूस भादरली, भूल दिली. डॉक्टरीणबाईंनी खांद्यापर्यंत येणारा हातमोजा घातला. कापल्यावर त्यांचा अख्खा हात म्हशीच्या आत गेला. मी तोंड फिरवलं, पण कान तिकडेच होते. जाऊबाई माझा दंड इतका घट्ट धरून होत्या, की नंतर चार बोटांचे वळ उमटले.

आधी एक प्लास्टिकची पिशवी आली. मग दुसरी. मग केसांची पीन. मग कुणाच्या तरी पॅन्टची चेन. प्रत्येक वेळी गर्दी पुढे सरकायची आणि मागे व्हायची. मग बाईंचा हात खूप वेळ आतच राहिला. त्यांचे डोळे मिटलेले होते. हळूहळू हात बाहेर आला, तेव्हा बोटांत तार होती. करंगळीपेक्षा लांब, एका टोकाला सुईसारखी.

दादांनी ती ओळखली. गेल्या वर्षी त्यांनी द्राक्षाची बाग काढून टाकली होती. मांडवाच्या तारेची गुंडाळी गोठ्यामागेच पडून होती.

"आन् डोरलं?" जाऊबाई म्हणाल्या.

बाईंनी पुन्हा हात घातला, सगळीकडे फिरवला. काही नाही.

"हात्तिच्या!" मागून कुणीतरी म्हणालं. "नुसती तार!"

आमचे हे वळले. रागावलेले मी त्यांना पाहिले आहेत, पण असे नाही. "नुसती?" एवढंच म्हणाले. त्यांनी ती तार पाण्यानं धुऊन तळहातावर घेतली आणि दादांच्या पुढे धरली. दादा तिला हात लावेनात. त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं होतं. गर्दी मग आपोआप पांगली. एकदोघांनी जाताना चहाचं विचारलं.

म्हैस तिसऱ्या दिवशी पेंडीवर तुटून पडली. तरी जाऊबाई ह्यांच्याशी बोलेनात. माझ्याशी बोलायच्या, पण ह्यांना ऐकू जाईल अशा बेतानं. "मशीन बरं हाय गं, पर सोनं वळखाया येत न्हाई त्याला. कुणाकुणाला न्हाई येत." हे निमूटपणे फडाची वाट, बांध, पाट, सगळं पुन्हा पालथं घालत होते. दोन विळे गावले. त्यातला एक जाऊबाईंचाच होता, त्यानंही त्यांचा राग उतरला नाही.

म्हैस सुधारली तशी तिची बडदास्त संपली. पडवीतून पुन्हा गोठ्यात गेली. जाऊबाई पुन्हा वैरणीला निघाल्या. मी ओट्यावर बसून काजं करत होते. त्यांनी पडवीतल्या खुंटीवरची चुंबळ काढली, डोक्यावर ओझं घेताना खाली ठेवतात ती जुन्या लुगड्याची वळी, आणि डोक्यावर ठेवून दाबली.

"आई गं! टोचलं!"

चुंबळ खाली काढून त्यांनी तिचे पीळ सोडवले. आत काळी पोत गुरफटलेली, आणि पोतीच्या टोकाला दोन वाट्या. भारा उतरवताना चुंबळीत अडकून तुटली असणार. आम्ही सगळी माती चाळली, म्हैस कापली, आणि डोरलं आमच्या नाकासमोर खुंटीला लटकत होतं.

जाऊबाई आधी रडल्या. मग हसायला लागल्या, ते थांबेचनात. मग चुंबळ तशीच घेऊन आमच्या अंगणात आल्या आणि ह्यांच्यापुढे आपटली. "भावजी, लावा तुमचं मशीन! बघू तरी वाजतंय का!"

हे अगदी गंभीरपणे आत गेले, यंत्र घेऊन आले, हेडफोनची वायर काढून टाकली म्हणजे सगळ्यांना ऐकू येईल, आणि चकती चुंबळीवर धरली. बारीक, लांब, शिट्टीसारखा आवाज आला. म्हशीजवळ आला होता त्याच्याशी काडीचंही नातं नसलेला.

"ह्यो सोन्याचा," हे म्हणाले.

"आवं, मग तवाच का न्हाई वो सांगितलं?"

"तुमी साखर कोंबली की वैनी."

फाटकाशी दादा उभे होते. ते हसले. आवाज काढून.

पुढे ती तारेची गोष्ट गावोगाव गेली आणि आमच्या घरी फोन यायला लागले. म्हैस खात नाही, गाय कण्हते, येऊन बघता का? हे यंत्र गाडीला बांधून कडेगाव, तासगाव, कुठं कुठं जातात. वाजलं तर "डॉक्टरला दाखवा" म्हणून सांगतात, आणि दुसऱ्या दिवशी फोन करून दाखवलं का ते विचारतात. माझे डबे आता कसेही लागतात.

परवा जतकडून एका माणसाचा फोन आला. त्याच्या शेतात म्हणे मोहरांचा हंडा आहे, आजोबांनी सांगितलंय, निम्मं निम्मं करू. हे म्हणाले, तसलं काही आपण करत नाही, आणि गावलं तरी ते सरकारजमा करावं लागतं. मग तो म्हणाला, "बरं, मग गाईला तरी बघाया या. खरंच खाईना झालीया."

मीही सोबत गेले, यंत्र मांडीवर आडवं धरून. तिकडे ऊस नाही, काळं रान नाही, नुसता उघडा माळ आणि वारा. गाईच्या पोटात काही वाजलं नाही. नुसतंच अजीर्ण असावं. हंड्याचं कुणी नाव काढलं नाही. त्या माणसाची म्हातारी आई मात्र सगळं निरखून बघत होती. डोक्यावर पदर, हातात काठी. ती ह्यांना म्हणाली, "आलाईस तर माझी मेंढरं बी बघ बाबा."

"आजी, मेंढरांना काय झालंय?"

"कुठं काय? पर बघायला काय जातंय तुझं?"

मेंढरं साठ-सत्तर तरी असतील. हे माझ्याकडे बघायला लागले. मी शेळीच्या दुधाचा चहा घेत बाजेवर बसले होते, मला कसलीच घाई नव्हती. म्हातारीनं काठीनं एकेक मेंढरू वळवून पुढे आणायला सुरुवात केली आणि हे वाकून, चकती पोटाखाली धरून, एकेकाला सोडायला लागले. थोड्या वेळानं यंत्र खणखणीत वाजलं. ह्यांचा हात वर गेला. मी कप घेऊन थांबले, तो माणूस थांबला, वारा सोडून सगळं थांबलं.

म्हातारी थांबली नाही. ती वाकली, कोकराच्या लोकरीत हात घालून तिनं गळ्यातली घुंगराची माळ वर काढून दाखवली आणि बोळक्या तोंडानं म्हणाली, "ही माझी हाय. तू फुडचं बघ."